चेल्सीची पाच जेतेपदे आणि न वाचलेला गुणतक्ता

महिला फुटबॉलचा विषय निघाला की विमेन्स सुपर लीग या इंग्लंडमधल्या महिला क्लबांच्या अव्वल लीगबद्दल एक दावा हमखास पुढे केला जातो, आणि २०२३-२४च्या हंगामानंतर तर तो फारच फिरला. दावा थोडक्यात असा आहे. ही लीग म्हणजे लंडनच्या चेल्सी क्लबचे घरचे कार्य आहे. २०२० ते २०२४ अशी लागोपाठ पाच वर्षे विजेता तोच असल्यामुळे निकाल आधीच ठरलेला असतो. शेवटचे जेतेपद तर तळाच्या संघावर आठ गोल चढवून मिळवलेले आहे. प्रेक्षक फुकटच्या तिकिटांवर येतात आणि सगळा डोलारा पुरुष संघांच्या पैशावर उभा आहे. यातले शेवटचे कलम बरेचसे खरे आहे, त्याकडे नंतर येतो. बाकीची कलमे मात्र विजेत्यांची यादी वाचून आणि गुणतक्ता न उघडता लिहिलेली आहेत.

आधी मक्तेदारीचे पाहू. चेल्सीने पाच वर्षे लागोपाठ विजेतेपद पटकावले ही वस्तुस्थिती आहे. पण ते किती फरकाने पटकावले, हा प्रश्न दावा करणाऱ्यांनी स्वतःला विचारलेला दिसत नाही. २०१९-२०चा हंगाम करोनामुळे अर्ध्यावर थांबला तेव्हा पहिल्या क्रमांकावर चेल्सी नव्हती, मँचेस्टर सिटी होती. सिटीचे १६ सामन्यांत ४० गुण होते, चेल्सीचे १५ सामन्यांत ३९, आणि प्रत्येक सामन्यामागे किती गुण या हिशेबाने चषक चेल्सीकडे गेला. पुढच्या वर्षी चेल्सी ५७ आणि सिटी ५५. त्यानंतर चेल्सी ५६ आणि आर्सेनल ५५, म्हणजे अवघ्या एका गुणाचा फरक, आणि तोही अखेरच्या दिवशी मँचेस्टर युनायटेडविरुद्ध दोनदा मागे पडून ४-२ असा सामना फिरवल्यावर. २०२२-२३मध्ये चेल्सी ५८, युनायटेड ५६. आणि २०२३-२४मध्ये चेल्सी ५५, सिटी ५५. शेवटच्या चार हंगामांतले सगळे अंतर एकत्र केले तरी पाच गुण भरतात, आणि तीन वेगवेगळे संघ दुसऱ्या क्रमांकावर राहिलेले दिसतात. याला वर्चस्व जरूर म्हणावे, कारण अटीतटीच्या वेळी न डगमगणे हेही वर्चस्वच आहे. परंतु ‘निकाल आधीच ठरलेला’ हे शब्द या आकड्यांना कुठल्याही बाजूने लागू पडत नाहीत.

ज्या हंगामावरून हा दावा सर्वाधिक रंगला, तो २०२३-२४चा हंगाम तर या दाव्याला उत्तर म्हणूनच खेळला गेला असावा असे वाटते. पहिल्याच दिवशी, १ ऑक्टोबर २०२३ रोजी, लिव्हरपूलने आर्सेनलला त्यांच्याच एमिरेट्स स्टेडियमवर १-० असे हरवले. आठवडाभराने सिटीच्या मैदानावर सिटी आणि चेल्सी समोरासमोर आले. क्लोई केलीने सिटीला सुरुवातीलाच आघाडी मिळवून दिली, आणि मग मध्यंतरापूर्वीच सिटीची कर्णधार अ‍ॅलेक्स ग्रीनवूड हिला फ्री किक घेताना वेळ काढल्याबद्दल दुसरे पिवळे कार्ड दाखवून बाहेर काढण्यात आले. चेंडू जमिनीवर ठेवलेला, समोर पास द्यायला मोकळी खेळाडू नाही म्हणून ती थांबलेली, आणि पंचांचा हात खिशाकडे जातो आहे, हे दृश्य मी कितीदा तरी पाहिले आहे आणि दर वेळी मला तो निर्णय कठोर वाटतो. दुसऱ्या अर्धात सिटीच्या लॉरेन हेम्पलाही बाहेर काढण्यात आले. नऊ खेळाडूंनिशी सिटीने आघाडी सांभाळत आणली आणि वाढीव वेळेत गुरो रायटनने चेल्सीसाठी बरोबरीचा गोल केला. त्या एका गोलाने चेल्सीला बरोबरीचा एक गुण मिळाला आणि सिटीचे विजयाच्या तीन गुणांतले दोन गेले. मे महिन्यात दोघांचेही गुण ५५ भरले, तेव्हा या ऑक्टोबरमधल्या सामन्याची किंमत कळली. फेब्रुवारीत सिटीने चेल्सीला तिच्या किंग्जमेडोच्या मैदानावर खदिजा शॉच्या गोलवर १-० असे हरवलेही होते. गुण समान झाल्यास परस्परांतील सामने पाहायचे, हा स्पेनच्या लीगमधला नियम इंग्लंडमध्ये असता तर जेतेपद सिटीचे झाले असते. हंगाम इतका निसटता होता.

आता शेवटचे अठरा दिवस पाहा. १ मे २०२४ रोजी लिव्हरपूलने चेल्सीला ४-३ असे हरवले. जेमा बॉनरच्या उशिराच्या हेडरने तो निकाल लागला आणि चेल्सीच्या प्रशिक्षक एमा हेज यांनी जेतेपद हातचे गेल्याचे जाहीरपणे मान्य करून टाकले. त्या रात्री सिटी २० सामन्यांत ५२ गुणांवर होती, चेल्सी १९ सामन्यांत ४६ गुणांवर, आणि गोलफरकातही, म्हणजे केलेल्या गोलांतून स्वीकारलेले वजा करून उरतात त्यांतही, सिटी आठ गोलांनी पुढे होती. चारच दिवसांनी सिटी आर्सेनलविरुद्ध एक मिनिट उरेपर्यंत १-० अशी पुढे होती. आर्सेनलच्या स्टिना ब्लॅकस्टेनियसने ८९व्या मिनिटाला आणि पुन्हा वाढीव वेळेत गोल केले आणि सिटीने घरच्या मैदानावर सामना गमावला. हंगामात २१ गोल करणारी शॉ त्या वेळी पायाच्या दुखापतीमुळे बाहेर बसली होती, हेही विसरू नये. त्याच दिवशी चेल्सीने ब्रिस्टल सिटीला ८-० असे धुतले. १५ मे रोजी टॉटनहॅमविरुद्ध मायका हमानोच्या एकमेव गोलने चेल्सी अव्वल स्थानी आली, तीही केवळ गोलफरकाने. १८ मे रोजी अखेरच्या दिवशी सिटीने अ‍ॅस्टन व्हिलाला २-१ असे हरवले, पण तिकडे युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर चेल्सीच्या माइरा रामिरेझने दुसऱ्याच मिनिटाला गोल केला होता आणि चेल्सीने युनायटेडवर ६-० असा विजय मिळवला. १ मेच्या रात्री जो संघ स्वतःच्याच प्रशिक्षकाच्या हिशेबाने स्पर्धेतून बाद झाला होता, तो अठराव्या दिवशी विजेता ठरतो, त्या लीगला ठरावीक निकालांची लीग म्हणायला मोठेच धाडस लागते.

यावर उत्तर येते की ते सगळे ठीक, पण शेवटी जेतेपद आठ गोलांच्या त्या कत्तलीनेच दिले ना? हिशेब करून पाहू. हंगामाअखेर चेल्सीने ७१ गोल केले होते आणि १८ स्वीकारले होते, म्हणजे फरक ५३. सिटीचे ६१ आणि १५, म्हणजे फरक ४६. ब्रिस्टल सिटीविरुद्धचा सामना ८-० ऐवजी नुसता १-० झाला असता, तर चेल्सीचा फरकही ४६वर आला असता. गोलफरक सारखा असेल तर अधिक गोल करणारा संघ वर जातो, आणि तेव्हाही चेल्सीचे ६४ गोल सिटीच्या ६१हून जास्तच राहतात. ओल्ड ट्रॅफर्डचा निकाल ६-० ऐवजी १-० मानला आणि ८-० तसाच ठेवला, तरी चेल्सी दोन गोलांनी पुढे असते. दोन्ही सामने १-० झाले असते तरच चषक सिटीकडे गेला असता. तात्पर्य, तळाच्या संघाला झोडपून मिळालेले जेतेपद ही गोष्ट ऐकायला चटकदार आहे, बेरजेत मात्र बसत नाही. लीगमधील वरच्या आणि खालच्या संघांत दरी आहे, हे मी नाकारत नाही. ब्रिस्टल सिटी त्या हंगामात खालच्या श्रेणीत घसरली आणि ती घसरणार हे वसंताच्या आधीच दिसत होते. पण दरी आहे म्हणजे तळाचे संघ निव्वळ भरतीचे आहेत असे नव्हे. सिटीने पूर्ण हंगामात तीन सामने गमावले. त्यांतले दोन आर्सेनलने जिंकले आणि तिसरा ब्रायटनने, सिटीच्याच मैदानावर. तोही अनिर्णित सुटला असता तर गोलफरकाची वेळच आली नसती. शिवाय त्या हंगामातले इतर दोन देशांतर्गत चषकही चेल्सीला मिळाले नाहीत. लीग कप आर्सेनलने चेल्सीलाच अंतिम सामन्यात हरवून नेला, आणि एफए कप युनायटेडने, उपांत्य फेरीत चेल्सीला बाहेर काढून.

फुकट तिकिटांच्या कलमावर फार वेळ घालवण्याचे कारण नाही. १७ फेब्रुवारी २०२४ रोजी आर्सेनल आणि मँचेस्टर युनायटेड यांच्या सामन्याला एमिरेट्सवर ६०,१६० प्रेक्षक होते आणि सगळी तिकिटे विकली गेली होती. दोनच आठवड्यांनी टॉटनहॅमविरुद्ध आकडा पुन्हा साठ हजारांच्या वर गेला. ही तिकिटे पुरुषांच्या सामन्यांच्या मानाने स्वस्त असतात, पण स्वस्त आणि फुकट यांत फरक असतो. दुसऱ्या बाजूने, एमिरेट्स म्हणजे संपूर्ण लीग नव्हे, हेही सांगितले पाहिजे. किंग्जमेडोत पाच हजार माणसेही मावत नाहीत आणि लीगची त्या हंगामातली सरासरी सात हजारांच्या आसपासच आहे.

मात्र ‘या खेळाला प्रेक्षक कधी नव्हतेच’ असे जे याला जोडून म्हटले जाते, तिथे थोडे थांबायला हवे. २६ डिसेंबर १९२० रोजी लिव्हरपूल शहरातील गुडिसन पार्कवर प्रेस्टनच्या एका कारखान्यातल्या मुलींचा डिक, कर लेडीज हा संघ सेंट हेलेन्सच्या संघाविरुद्ध खेळला. आत ५३,००० प्रेक्षक होते, बाहेर हजारो लोक जागा नाही म्हणून परत फिरले, आणि धर्मादाय कामासाठी तीन हजार पौंडांहून अधिक रक्कम जमली. वर्ष उलटायच्या आत, ५ डिसेंबर १९२१ रोजी, इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने हा खेळ स्त्रियांना योग्य नाही असे ठरवून आपल्या सदस्य क्लबांना महिलांच्या सामन्यांसाठी मैदान देण्यास मनाई केली. ती बंदी सुमारे पन्नास वर्षे टिकली. विमेन्स सुपर लीगच्या एखाद्या सामन्याने गुडिसनचा तो ५३,००० चा आकडा प्रथम ओलांडला तो २०२३-२४च्या सलामीलाच, लिव्हरपूलने आर्सेनलला हरवले त्या दिवशी, आणि आकडा होता ५४,११५. एका पिढीचे प्रेक्षक मैदानाबाहेर काढायचे आणि मग प्रेक्षक कुठे आहेत म्हणून विचारायचे, यातली गंमत दावा करणाऱ्यांच्या लक्षात आलेली नसावी. जाता जाता, एव्हर्टनचा पुरुष संघ नव्या स्टेडियममध्ये गेल्यावर गुडिसन पार्क २०२५पासून एव्हर्टनच्या महिला संघाचे घर झाले आहे.

‘शाळकरी मुलांकडून हरतात’ हेही एक वाक्य मध्येच टाकले जाते. २०१७मध्ये डॅलसमधील पंधरा वर्षांखालील मुलांच्या संघाने अमेरिकेच्या महिला राष्ट्रीय संघाला एका अनौपचारिक सराव सामन्यात ५-२ असे हरवले, ती ही गोष्ट. इंग्लंडच्या लीगशी तिचा संबंध नाही, आणि कुस्तीत हलक्या गटातला मल्ल जड गटातल्या मल्लाकडून हरला म्हणून हलक्या गटाची कुस्ती खोटी ठरत नाही.

राहिला पैसा. इथे दावा करणाऱ्यांशी माझे फारसे भांडण नाही. डेलॉइट या हिशेबतपासणी करणाऱ्या कंपनीच्या आकड्यांप्रमाणे लीगमधील सर्व क्लबांचे मिळून उत्पन्न २०२२-२३मध्ये सुमारे ४ कोटी ८० लाख पौंड होते, ते २०२३-२४मध्ये साडेसहा कोटींच्या घरात गेले. वाढ चांगली आहे, पण खर्च त्याहून मोठा आहे आणि तो मूळ क्लबच्या तिजोरीतून भागवला जातो. शिवाय २०२४च्या उन्हाळ्यात चेल्सीने आपला महिला संघ स्वतःच्याच पालक कंपनीला सुमारे २० कोटी पौंडांना विकला आणि त्यातून क्लबच्या ताळेबंदात नफा दाखवला. हा व्यवहार मला महिला फुटबॉलच्या भरभराटीपेक्षा हिशेबनिसांच्या चातुर्याचा वाटतो. परंतु मालकाच्या पैशावर जगणे हा दोष असेल, तर तो फक्त महिलांच्या माथी कसा? चेल्सीचे आधीचे मालक रोमान अब्रामोविच यांनी आपल्या काळात क्लबला दिलेले सुमारे दीड अब्ज पौंडांचे कर्ज २०२२मध्ये क्लब विकताना सोडून दिले. त्या पैशावर आलेले पुरुष संघाचे चषक कोणी उसने म्हणत नाही. आणि पैसा न घालण्याचा पर्यायही करून झालेला आहे. मँचेस्टर युनायटेडने २००५मध्ये आपला महिला संघ बंद केला, २०१८मध्ये नव्याने उभा केला, आणि सहा वर्षांत तो एफए कप जिंकून मोकळा झाला.

एक गोष्ट दावा करणाऱ्यांच्या बाजूने सांगायची राहिली. त्यांनी चुकीचा हंगाम निवडला. एमा हेज अमेरिकेच्या राष्ट्रीय संघाकडे गेल्यानंतर, २०२४-२५मध्ये, चेल्सीने एकही सामना न गमावता ६० गुण मिळवले आणि दुसऱ्या क्रमांकावरची आर्सेनल तब्बल बारा गुणांनी मागे राहिली. मक्तेदारीचा मुद्दा त्या तक्त्यावरून मांडला असता तर तो खोडायला मला जास्त कष्ट पडले असते. तरीही त्याच आर्सेनलने २४ मे २०२५ रोजी लिस्बनमध्ये बार्सेलोनाला १-० असे हरवून युरोपचे विजेतेपद मिळवले, आणि तो गोल ब्लॅकस्टेनियसचा होता.