ताडासनात गुडघे मागे ढकलायचे नसतात
बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: 'ताडासन म्हणजे नुसतं ताठ उभं राहणं, त्यात शिकायचं काय? गुडघे मागे घट्ट ढकला, छाती पुढे काढा, दहा मिनिटं हलू नका. कुठल्याही वयात उंची वाढते.' यावर विसंबून वयस्कर माणसं गच्चीवर उभी राहतात, म्हणून लिहितोय.

उंचीचं आधी. हाडांची लांबी वाढवणारी कूर्चा विशीच्या आसपास बंद होते. नंतर कुठलंही आसन हाड लांबवत नाही. पोक कमी झाला की माणूस उंच दिसतो, तेवढंच.

शिकायचं काय? आपल्या अथणीच्या चपलेची टाच उलटून बघा. ती एकाच कडेला झिजली असेल तर तुमचं वजन रोज त्याच कडेवर पडतंय. अंगठ्याचं मूळ, करंगळीचं मूळ आणि टाच, तिन्हींवर वजन सारखं येणं हे शिकावंच लागतं. बेळगावात योगशिक्षक बी. के. एस. अय्यंगारांचं काम पाहून डॉ. व्ही. बी. गोखल्यांनी त्यांना १९३७ साली योग शिकवायला पुण्याला बोलावलं. त्या अय्यंगारांनीही उभ्या आसनांची सुरुवात ताडासनापासूनच केली.

गुडघे मागे ढकलले की भार स्नायूंवरून सांध्यामागच्या अस्थिबंधांवर, म्हणजे हाडाला हाड बांधणाऱ्या पट्ट्यांवर जातो. मांडीचा पुढचा स्नायू आवळून गुडघ्याची वाटी वर उचलायची, गुडघा सरळ ठेवायचा, मागे वाकवायचा नाही.

सगळ्यात घातक सल्ला छातीचा. निपाणीत दिवसभर वाकून विड्या वळणाऱ्या बाईची पाठ वरच्या बाजूला आखडलेली असते. तिला 'छाती काढ' म्हटलं तर आखडलेला भाग जागचा हलत नाही. खालच्या बरगड्या पुढे येतात आणि कंबर आत वळते. आधीच दुखणारी कंबर आणखी दुखते. त्यापेक्षा भिंतीला टाचा, नितंब आणि खांद्यांची पाती टेकवा. कमरेमागे तळवा जेमतेम सरकला तर ठीक. मूठ आरामात जात असेल तर बरगड्या खाली आणा. मग खांदे कानांपासून दूर न्या, हनुवटी जमिनीला समांतर ठेवा. घरातल्या कुणाला तरी बाजूने बघायला सांगा: कान, खांदा आणि खुबा एका ओळंब्यात हवेत.

दहा मिनिटं न हलता उभं राहिलं की पायांत रक्त साचतं, भोवळ येऊ शकते. आयुष मंत्रालयाच्या योग दिनाच्या अभ्यासक्रमात हात वर करून टाचा उचललेलं ताडासन १० ते ३० सेकंदच आहे. हृदयाचा तीव्र त्रास, पायांच्या फुगलेल्या शिरा किंवा चक्कर असलेल्यांनी टाचा उचलायच्याच नाहीत.