तुरुंगाच्या दारात कोण उभं राहणार?

आमच्या पुण्याच्या शाळासोबत्यांच्या ग्रुपवर एमडीचा, म्हणजे मेफेड्रोन या नशेच्या पावडरीचा, साठा पकडल्याची बातमी आली की अंगठ्यांचा पाऊस पडतो. कुरकुंभच्या कारखान्यातून 2024 च्या फेब्रुवारीत शेकडो किलो मेफेड्रोन निघालं तेव्हा तसंच झालं, जूनमध्ये पबांवर बुलडोझर फिरला तेव्हाही. नॉर्थ कॅरोलायनात बसून ते वाचताना मला दरवेळी एकच विचारावंसं वाटतं: जो पोरगा ते घेत होता, त्याचं पुढे काय झालं?

इथे या प्रश्नामागे सध्या पैसा उभा आहे. ऑक्सिकॉन्टिन या अफूच्या जातकुळीतल्या वेदनाशामक गोळीची सवय लागण्याचा धोका कमी आहे, असं खोटं सांगून ती खपवल्याचं ती गोळी बनवणाऱ्या पर्ड्यूशी संलग्न कंपनीने 2007 मध्येच कोर्टात कबूल केलं होतं. गोळ्यांमागून हेरॉइन आलं, मग त्याहून जालीम फेंटॅनिल. राज्यं आणि काउंट्या (इथले जिल्हे) औषध कंपन्यांविरुद्ध खटले लढल्या. 2021 मध्ये तीन बड्या औषध वितरक कंपन्या आणि जॉन्सन अँड जॉन्सन यांनी मिळून 26 अब्ज डॉलरपर्यंत द्यायचं मान्य केलं, तेही टप्प्याटप्प्याने, अनेक वर्षांत.

1998 मध्ये तंबाखू कंपन्यांनी राज्यांशी केलेल्या तडजोडीचा बराचसा पैसा राज्यांच्या तिजोरीत मिसळून भलतीकडेच गेला होता. त्या अनुभवाने इथले लोक पोळले आहेत. म्हणून आमच्या राज्यात 85 टक्के वाटा थेट काउंट्या आणि शहरांना मिळतो, पण त्यासाठी वेगळं खातं ठेवावं लागतं. कुठल्या कामाला किती आणि कधीपर्यंत, याचा ठराव करावा लागतो आणि वर्षातून एकदा लोकांसमोर सभा घ्यावी लागते.

अशा एका सभेला मी गेले होते. बोलायला प्रत्येकी तीन मिनिटं. चाळिशीचा एक माणूस उभा राहिला. म्हणाला, "सुटलो तेव्हा हातात एक प्लॅस्टिकची पिशवी होती, फोन बंद पडलेला होता आणि नंबर फक्त एकाच माणसाचा पाठ होता. माल विकणाऱ्याचा." सभागृहात कागद हलल्याचा आवाजही येईना.

तो जिवंत आहे हे नशीब. तुरुंगात महिनोन्‌महिने नशा न मिळाल्याने शरीराची सहनशक्ती उतरते आणि बाहेर आल्यावर पूर्वीएवढाच डोस जीव घेतो. याच राज्यातल्या अभ्यासात दिसलं की सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत ओपिऑइडच्या, म्हणजे अफूच्या जातकुळीतल्या औषधांच्या, अतिसेवनाने मरण्याचा धोका इतर लोकांच्या तुलनेत 40 पट असतो.

म्हणून माझं मत ठाम आहे: जाहिरातींचे फलक आणि शाळांतली भाषणं नंतर, पहिला डॉलर त्या चौदा दिवसांवर. तुरुंगातच ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन हे तलफ आवरणारं औषध सुरू करा. निघताना हातात नॅलोक्सोन द्या, ओपिऑइडच्या अतिसेवनाचा परिणाम उलटवणारं औषध. तळहातात मावणारा तो नाकातला फवारा कसा मारायचा, हे मी आमच्या वाचनालयात शिकले. मान मागे करायची, नाकपुडीत टोक घालायचं, दाबायचं, श्वास आला नाही तर दोन-तीन मिनिटांनी दुसरा. आणि दारात यातून स्वतः गेलेला कुणीतरी गाडी घेऊन उभा हवा. "एक नशा सोडवून दुसरी लावताय," असं सभेत कुणीतरी म्हणालंच. पण या औषधाने तलफ आवरते, माणूस कामावर जातो, त्याच्या घरचे रात्री झोपतात. याला नशा कसं म्हणायचं?

आपल्याकडे हे जसंच्या तसं लागू पडणार नाही. एमडी ओपिऑइड नाही, त्यावर नॅलोक्सोन चालत नाही. कुठल्या कंपनीची भरपाईही आलेली नाही. पण माणूस कसा सावरायचा ते आपल्याला अमेरिकेने शिकवायची गरज नाही. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी 1986 मध्ये पुण्यात सुरू केलेल्या मुक्तांगणमध्ये व्यसनातून बाहेर आलेली माणसंच दुसऱ्यांना हात देतात. रुग्णांच्या बायकांसाठी तिथे 'सहचरी' गट आहे. इथल्या काउंट्या तसल्या कामासाठी आता पैसे बाजूला काढू लागल्या आहेत, ते तिथे आधीपासून चाललंय.

मागच्या आठवड्यात ग्रुपवर पुन्हा साठ्याचा फोटो आला. या वेळी मी अंगठा दिला नाही. विचारलं, जिल्हा नियोजन समितीच्या पैशातून येरवड्याबाहेर उभा राहील असा एक माणूस नेमता येईल का? बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग वर्गातल्या एकीने वेगळा मेसेज केला. तिचा भाऊ पुढच्या महिन्यात सुटतोय.