फादर, सगळेच शत्रू नसतात

आज मिस्साहून, म्हणजे चर्चमधल्या रविवारच्या उपासनेहून, घरी आलोय आणि डोकं अजून तापलेलंच आहे. पोस्ट मोठी होणार. ज्यांना वेळ नाही त्यांनी पुढे जा, राग नाही.

झालं असं की गावातल्या एका मुलीनं तिच्या आजीचं लाल लुगडं नेसून फोटो टाकला होता. आम्हा वसईच्या कुपारी ख्रिस्ती लोकांचं पारंपरिक लुगडं, अंगावर आजीचेच दागिने, छान दिसत होती पोरगी. त्याखाली कुठकुठले लोक येऊन राईस बॅग, तांदळावर विकले गेलेले, परत जा तुमच्या पोर्तुगालला, असलं काय काय लिहून गेले. पोरीनं शेवटी फोटो काढून टाकला. फादरांनी आज प्रवचनात तोच विषय घेतला, इथवर ठीक होतं, बोलायलाच पाहिजे. पण मग ते म्हणाले की जगानं ख्रिस्ताचा द्वेष केला तसा आपलाही करणार, आणि त्याच दमात, बाहेरच्यांचं सोडा, आपल्यातूनच गेलेले आणि आता चर्चला नावं ठेवणारे, तेही त्याच फौजेतले. लोकांनी माना डोलावल्या. माझी चुलत बहीण पुढच्या बाकावरून वळून माझ्याकडे बघायला लागली, कारण तो टोला कुणाला होता ते अख्ख्या चर्चला माहीत होतं. माझ्या आतेभावाला. तो फेसबुकवर चर्चबद्दल जहाल लिहितो, कधी कधी मलाही वाचवत नाही इतकं.

पण मला माहितीये तो का लिहितो. मी ती ताटली धरून उभा होतो.

सांगतो, पण आधी त्या राईस बॅगवाल्यांचं बोलून घेतो, नाहीतर इथेच दोन्हीची खिचडी होते.

वसई पोर्तुगीजांकडे गेली 1534 साली. चिमाजी अप्पांनी ती जिंकून घेतली 1739 मध्ये. त्यानंतर इथे पोर्तुगीज नाही, त्यांचं सैन्य नाही, तांदूळ वाटणारा कुणी नाही, राज्य पेशव्यांचं. तरी आमचे लोक चर्चमध्ये येत राहिले, घरात आपली बोली बोलत राहिले, बायका लुगडं नेसत राहिल्या, वाड्या शिंपत राहिले. नुसत्या तांदळासाठी गेले असते तर तांदूळ संपल्यावर कशाला थांबले असते? इतकी साधी गोष्ट आहे. पण ह्या लोकांना उत्तर नकोच असतं. त्यांचं कुठल्या फादरनं काही बिघडवलेलं नसतं, कुठल्या चर्चची पायरी ते चढलेले नसतात, त्यांना फक्त कुणीतरी सांगितलेलं असतं की हे परके. फादर फ्रान्सिस दिब्रिटो 2020 च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हा हेच झालं. अख्खा जन्म मराठीत लिहिण्यात गेलेला माणूस, वसईच्या हिरव्या पट्ट्यासाठी बिल्डर आणि गुंडांसमोर उभा राहिलेला माणूस, त्याला विरोध कशावरून, तर तो ख्रिस्ती धर्मगुरू आहे म्हणून. असल्या द्वेषावर मी रात्र जागवत नाही. त्या पोरीनं मात्र फोटो परत टाकावा, मी पहिला लाईक करेन.

आता आत्या.

आत्यानं विरारच्या एका हिंदू मुलाशी रजिस्टर लग्न केलं. दोघं एकाच ठिकाणी कामाला होते. आजोबांनी काही वर्षं तोंड बघितलं नाही, मग नातू झाल्यावर विरघळले, ते नेहमीचंच. आत्या दर रविवारी मिस्साला यायची, मागे उभी राहायची, मिस्सात वाटतात तो ख्रिस्तप्रसाद घ्यायला पुढे जायची नाही. चर्चबाहेर लग्न केलेल्यांना तो मिळत नाही, हा नियम तिला माहीत होता. मग आजी वारली. तेव्हा मी वेदीसेवक होतो, पांढरा झगा घालून फादरांच्या बाजूला पितळेची चकचकीत ताटली घेऊन उभं राहायचं काम माझं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, ती ताटली प्रत्येकाच्या हनुवटीखाली धरायची, प्रसादाचा कणही खाली पडू नये म्हणून. समोर आजीची पेटी, रांग लागली, आणि रांगेत आत्या आली. आईचा दफनविधी होता हो. तिला वाटलं असेल आज तरी. तिनं डोळे मिटले, तोंड उघडलं. मी ताटली पुढे केली. फादरांचा हात ताटलीपर्यंत आला, थांबला आणि तिच्या खांद्यावरून मागच्या बाईकडे गेला. ख्रिस्ताचं शरीर. आमेन, ती मागची बाई म्हणाली. आत्याचे डोळे मिटलेलेच होते, तिला कळलंच नाही, ती तशीच तोंड उघडं ठेवून उभी. मग फादर हळूच म्हणाले, बाजूला हो.

तिचा मुलगा सहा-सात वर्षांचा असेल, खांबाला टेकून उभा होता. त्यानं सगळं पाहिलं.

तो आज जे लिहितो ते ह्यातून येतं. कुठल्या संघटनेनं त्याला शिकवलेलं नाही, कुठल्या फॉरवर्डमधून त्यानं उचललेलं नाही. आणि ज्यांनी त्या पोरीच्या लुगड्यावर घाण केली त्यांच्या शेजारी तुम्ही त्याला उभं करता? प्रवचनातून? माईकवरून?

हो, नियम आहे. कॅनन लॉ, म्हणजे चर्चचा कायदा, मला कमेंटमध्ये शिकवू नका, चर्चच्या परवानगीशिवाय झालेलं लग्न चर्चच्या लेखी लग्न नाही, मला माहितीये. फादरांनी नियम पाळला, हेही मान्य. पुढे काय? पोप फ्रान्सिस 2013 साली लिहून गेले की हा प्रसाद म्हणजे परिपूर्ण माणसांना द्यायचं बक्षीस नाही, दुबळ्यांसाठी औषध आहे, अन्न आहे. ते मी वाचलं तेव्हा मला रडू आलं होतं, खरंच सांगतो, ट्रेनमध्ये. वाटलं हे कुणीतरी त्या दिवशी आमच्या फादरांच्या कानात सांगायला हवं होतं.

लोक चर्चवर का चिडतात ह्याचं उत्तर शोधायला लांब जायला लागत नाही. गोव्याचं इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, 1560 ला सुरू झालं, मध्ये थोडा खंड पडला, पण कायमचं बंद व्हायला 1812 उजाडलं. हे काढलं की आमच्यातले लगेच अंग चोरतात, जुनं झालं, राजकारण होतं, अमुक पुस्तकात वाढवून लिहिलंय. असेल वाढवलेलं काही ठिकाणी. पण 1736 चं फर्मान तर कुणी वाढवलेलं नाही. घरात तुळस नको, धोतर नको, बायकांनी चोळी घालायची नाही, लग्नातली गाणी नकोत, विधी नकोत. आणि हे कुणाला? मुख्यतः बाप्तिस्मा घेतलेल्यांनाच! म्हणजे आपल्याच माणसांना. इन्क्विझिशनचा वरवंटा सगळ्यात जास्त फिरला तो नवख्रिस्ती लोकांवर, आमच्या पूर्वजांसारख्यांवर. ज्या लुगड्यावरून आज ते लोक पोरीला हिणवतात ते लुगडं आमच्या बायकांनी चर्चच्या असल्या सगळ्या हुकमांना पुरून उरून टिकवलंय. हे प्रवचनात सांगा की. त्या पोरीलाही बरं वाटलं असतं.

पंडिता रमाबाईंचं घ्या. सगळे अभिमानानं नाव घेतात, केडगावच्या मुक्ती मिशनचे फोटो टाकतात. 1893 मध्ये पुण्यात त्यांच्या शारदा सदन ह्या मुलींच्या शाळेवरून रान पेटलं, मुलींना बाटवतात म्हणून पालकांनी मुली काढून नेल्या, रानडे-भांडारकरांसारखे पाठीराखेसुद्धा बाजूला झाले. हा अर्धा भाग आम्ही चवीनं सांगतो. दुसरा अर्धा? बाप्तिस्मा घेऊन त्या इंग्लंडमध्ये होत्या तेव्हा तिथल्या कॉलेजात तरुण मुलग्यांना शिकवायची गोष्ट निघाली तर बिशप आडवे आले, बाईनं पुरुषांना शिकवायचं नाही. आणि रमाबाईंनी 1885 मध्ये तिथल्या आपल्या मार्गदर्शक सिस्टर जेराल्डिनना कळवलं की मी मोठ्या कष्टानं भारतातल्या पुरोहितांच्या जोखडातून मान सोडवून घेतली आहे, लगेच दुसऱ्या तसल्याच जोखडाखाली द्यायची माझी तयारी नाही. ख्रिस्त सोडला नाही त्यांनी, मरेपर्यंत सोडला नाही. पण बिशपांची अरेरावी ऐकून घेतली नाही. आजच्या प्रवचनाच्या हिशोबानं त्या कुठल्या फौजेतल्या, सांगा मला कुणीतरी.

2018 मध्ये कोचीला पाच सिस्टर रस्त्यावर बसल्या होत्या, आपल्या एका बहिणीनं बिशपवर बलात्काराचा आरोप केला होता, तिच्या बाजूनं. कोर्टानं पुढे 2022 ला बिशपना निर्दोष सोडलं, ते नोंदवतो. पण मी त्या बसण्याबद्दल बोलतोय. आयुष्य वाहिलेल्या बायका, त्यांना आपलं म्हणणं ऐकवायला फुटपाथ गाठावा लागला. आणि आपल्याकडच्या कितीतरी जणांना राग आला तो कुणाचा, तर त्या बायकांचा! चर्चचं नाव खराब करतात म्हणून.

तिकडे आयर्लंडमध्ये आपल्या बेळगावची सविता हलप्पनवार गेली, ऑक्टोबर 2012. डेंटिस्ट, वय 31, पोटात 17 आठवड्यांचं मूल, ते वाचणार नाही हे डॉक्टरांना माहीत, ती गर्भपात करा म्हणून विनवत होती आणि तिला सांगितलं गेलं की हा कॅथलिक देश आहे. सेप्सिस होऊन मेली पोरगी. ती हिंदू, तिचा त्या धर्माशी संबंध काय? 2018 ला तिथल्या लोकांनी मतदान करून घटनेतली ती गर्भपातबंदीच काढून टाकली, 66 टक्क्यांनी. ह्या 66 टक्क्यांत बाहेरून आलेले शत्रू किती असतील? चर्चमध्येच बाप्तिस्मा झालेली, फादर-सिस्टरच्या शाळेत शिकलेलीच माणसं ती बहुतेक सगळी. त्यांना कुणी सैतानानं फितवलं नव्हतं. चर्चच्या संस्थांमध्ये मुलांचं काय काय झालं ते 2009 च्या सरकारी अहवालात त्यांनी वाचलेलं होतं, कित्येकांनी स्वतः भोगलेलं होतं.

मला कळतंय, आता खाली लिहाल की शाळा कुणी काढल्या, दवाखाने कुणी काढले. काढले, मान्य. मिरजेला वानलेस ह्या मिशनरी डॉक्टरांनी काढलेल्या हॉस्पिटलात कुणाकुणाचे जीव वाचले ते त्या भागातल्या माणसाला विचारा. मीसुद्धा सिस्टरांच्याच शाळेत शिकलोय, माझं मराठी अक्षर ज्यांच्यामुळे वळणदार झालं त्या सिस्टर अजून माझ्या वाढदिवसाला फोन करतात. हे सगळं खरं आहे. पण आत्याच्या मुलाला ह्यातलं काय सांगू? की बाबा, मिरजेला हॉस्पिटल काढलं म्हणून तुझ्या आईचं विसर?

आणि हे फक्त आमच्याच घरचं दुखणं नाही हो. ज्या देवळात आजीला बाळंतपणानंतर, पाळीत, जातीवरून बाहेर उभं केलं त्या देवळाबद्दल नातीच्या मनात काय असेल? ज्या मशिदीत, ज्या मठात कुणाच्या आईला असं मधूनच वगळून हात पुढे गेला असेल तिथंही एखादं पोर खांबाला टेकून बघत असणारच. मग ते मोठं होऊन म्हणतं मला धर्मच नको, आणि आपण म्हणतो आजकालच्या मुलांवर संस्कार नाहीत.

लिहिता लिहिता राग थोडा उतरलाय.

आत्या आता थकलीय. तिच्या घरी देव्हाऱ्यात गणपती आहे, यजमान गेले तरी त्याची पूजा चुकवत नाही, आणि भिंतीवर मारियामातेची तसबीर आहे, रोज संध्याकाळी जपमाळ म्हणते. मुलगा चर्चविरुद्ध तिकडे हॉलमध्ये बसून टाईप करत असतो आणि आईची माळ सुरू झाली की टीव्हीचा आवाज स्वतः उठून बारीक करतो. हे मी बघितलंय. मी एकदा त्याला म्हटलं, अरे जरा सौम्य लिही, आपल्याच लोकांना लागतं. तर म्हणाला, त्यांना लागतं ना, मग त्यांनी एकदा तरी येऊन आईला विचारायचं होतं, तुला लागलं का. इतक्या वर्षांत तीन-चार फादर बदलले धर्मग्रामात, एकानंही नाही. लग्नाला बोलावलं तर आले असते की नाही माहीत नाही, पण नवीन हॉलच्या वर्गणीचं पाकीट मात्र तिच्या घरी बरोबर पोचलं.

तो म्हणतो ते सगळं मला पटत नाही. कधी कधी तो वाटेल ते लिहितो, साध्या भोळ्या श्रद्धाळू माणसांनाही झोडपतो, तेव्हा मी त्याला तोंडावर सांगतो. मी स्वतः चर्च सोडलेलं नाही, सोडणारही नाही, पुढच्या रविवारी परत तिथेच दिसेन. पण त्याला कुणी शत्रू म्हणालं तर मी गप्प बसणार नाही.

ज्यांना ह्या पोस्टचा स्क्रीनशॉट काढून फादरांना पाठवायचाय त्यांनी तसदी घेऊ नका, मीच पाठवतोय. फादर, तुम्ही इथे नवीन आहात, त्या दिवशी तुम्ही नव्हता, तुमच्यावर माझा वैयक्तिक काही राग नाही. आत्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय, त्याआधी एकदा तिच्या घरी जाऊन या. नियम मोडा म्हणत नाही, तिच्या लग्नाचं काय करायचं ते तुम्ही आणि महागुरू, म्हणजे आपले बिशप, बघा, तिचे यजमान तर आता हयातही नाहीत. नुसतं जाऊन बसा तिच्याजवळ, आणि त्याच्याजवळही. तो दार उघडेल, चहाही टाकेल. पत्ता मी तुम्हाला मेसेज करतो.