‘न्यू फंक्शन’ची एक ओळ पुरते म्हणणाऱ्यांना

एक सल्ला सध्या जिकडेतिकडे शेअर होतोय: युजरने टाइप केलेला फॉर्म्युला चालवायला मॅथजेएससारखी (गणिती सूत्रं चालवणारी तयार जावास्क्रिप्ट) लायब्ररी कशाला, टाइप केलेली स्ट्रिंग रेगेक्सने (अक्षरं गाळणाऱ्या पॅटर्नने) साफ करा, न्यू फंक्शनला (मजकुरातून चालतं फंक्शन बनवणारी जावास्क्रिप्टची सोय) द्या, झालं, इव्हॅल (मजकूर थेट कोड म्हणून चालवणारं फंक्शन) डेंजर असतं पण हे सेफ. नवीन पोरं हे उचलून थेट पेरोलच्या कोडमध्ये टाकतात म्हणून लिहितोय.

इव्हॅलसारखे न्यू फंक्शनला तुमचे लोकल व्हेरिएबल दिसत नाहीत, फरक एवढाच. डॉक्युमेंट (पान), फेच (नेटवर्क), लोकलस्टोरेज (ब्राउझरमध्ये साठवलेला डेटा) सगळं दिसतं. सीएसपीमध्ये (पानावर कोणता कोड चालू द्यायचा याचे साइटने ब्राउझरला दिलेले नियम) अनसेफ-इव्हॅलची परवानगी नसेल तर ब्राउझर दोघांनाही अडवतो, उगाच नाही.

आता रेगेक्स. फक्त आकडे, + - * /, टिंब आणि गोल कंस ठेवलेत तर कोड घुसणार नाही, हे मान्य. पण तेवढ्यावर भागतं कुणाचं? पगाराच्या फॉर्म्युल्यात बेसिक लागतो, डीए लागतो, म्हणजे अक्षरं आली, मग लोक ब्लॅकलिस्ट करत बसतात, विंडो नको, इव्हॅल नको, आणि तिकडे साध्या आकड्यावरूनसुद्धा कन्स्ट्रक्टर.कन्स्ट्रक्टर केलं की न्यू फंक्शनमधलं तेच फंक्शन हातात येतं, म्हणजे हवा तो कोड चालवता येतो, तो शब्द अडवला तर चौकोनी कंसात तुकडे जोडून तोच लिहितात. अहो, [ ] ( ) ! + या सहा चिन्हांत अख्खं जावास्क्रिप्ट लिहिता येतं! अँग्युलरजेएस या वेब फ्रेमवर्कने एक्स्प्रेशनसाठी सँडबॉक्स (कोड बाहेर जाऊ नये म्हणून कुंपण) बांधला होता, तो पुन्हापुन्हा फुटला, शेवटी २०१६ मध्ये १.६ व्हर्जनला काढूनच टाकला.

‘युजर स्वतःलाच हॅक करेल का?’ असं विचारतात. फॉर्म्युला डेटाबेसमध्ये सेव्ह होतो ना? लिहिला एचआरच्या माणसाने, उघडला अकाउंट्सवाल्या बाईंनी, चालला त्यांच्या लॉगिनवर. सर्व्हरवर नोडचं (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारं) व्हीएम, म्हणजे कोड वेगळ्या कप्प्यात चालवणारं मॉड्यूल, वापरू म्हणाल तर हे सिक्युरिटीसाठी नाही असं त्याच्या डॉक्युमेंटेशनमध्येच लिहिलंय.

मॅथजेएस स्वतःचा पार्सर (फॉर्म्युला वाचून त्याचे भाग पाडणारा) चालवतं, नावं फक्त स्वतःची आणि तुम्ही स्कोपमध्ये (बेसिक, डीए अशा किमतींच्या यादीत) दिलेली ओळखतं. आणि २^३ चे ८ देतं, जावास्क्रिप्ट १ देतं (तिथे ^ म्हणजे घात नाही, बिटांवरची एक्सऑर क्रिया), तेही एरर न दाखवता, पगारात हे चालेल?

लायब्ररी टाकली की निर्धास्त, असंही नाही. इम्पोर्ट, क्रिएटयुनिट, इव्हॅल्युएट, पार्स ही फंक्शन्स एक्स्प्रेशनमधून बंद करा, स्कोपमध्ये युजरकडून आलेला ऑब्जेक्ट जसाच्या तसा देऊ नका, एक्स्प्र-इव्हॅल या अशाच दुसऱ्या लायब्ररीत २०२५ ला सापडलेलं भोक तिथलंच होतं. अवाढव्य मॅट्रिक्स मागून कुणी टॅब लटकवू शकतो, म्हणून वेब वर्करमध्ये (पानापासून वेगळ्या थ्रेडमध्ये) चालवा, टाइमआउट लावा.

स्पीडमध्ये न्यू फंक्शन पुढे आहे, खरंय. पण फॉर्म्युला एकदा कंपाइल करून तोच प्रत्येक कर्मचाऱ्याच्या स्कोपवर चालवलात तर दर वेळचं पार्सिंग वाचतं.