ख्रिस्तविरोधकाची जागा भरणे आहे

जग संपायला आलंय असं सांगणाऱ्यांना मरण नाही. अमेरिकेत तर या धंद्याला बारमाही गिऱ्हाईक आहे. प्यू संशोधन केंद्राने २०२२ साली विचारलं, तेव्हा ३९ टक्के प्रौढ अमेरिकन म्हणाले की आपण शेवटच्या काळातच जगतो आहोत. बायबलचा शब्द न् शब्द प्रमाण मानण्यावर भर देणाऱ्या इव्हॅन्जेलिकल मंडळींमध्ये हाच आकडा ६३ टक्के होता. तेव्हा तुम्हाला बायबलमधल्या भविष्यवाणीचे तज्ज्ञ म्हणून नाव काढायचं असेल, तर आजच कामाला लागा. या विषयात उशीर करणं शोभत नाही.

भांडवल फारसं लागत नाही. एक बायबल, मध्यपूर्वेचा नकाशा आणि आजचं वर्तमानपत्र. बायबलही सगळं वाचायचं कारण नाही. यहेज्केलाचे ३८ आणि ३९ हे अध्याय, दानीएल आणि प्रकटीकरण एवढ्यावर जन्म निघतो. येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनाकडे मात्र फिरकू नका. शत्रूवर प्रीती करा वगैरे मजकूर डोळ्यांखालून गेला की नकाशावर बाण काढताना हात कापतो.

पहिलं काम म्हणजे ख्रिस्तविरोधकाची, म्हणजे शेवटच्या काळात येणाऱ्या ख्रिस्ताच्या महाशत्रूची, नेमणूक. हे पद कायमचं, पण माणूस हंगामी, हे नीट ध्यानात ठेवा. तुमच्या आधीच्यांनी ते कधी रिकामं ठेवलेलं नाही, आणि त्यावर पुन्हा पुन्हा इस्लामलाच आणून बसवलं. सातव्या शतकाच्या अखेरीस सिरियाक भाषेत एक ग्रंथ निघाला आणि मेथोडियस नावाच्या जुन्या संताच्या नावावर खपवला गेला. अरबांची सत्ता आता बुडणार, शेवटचा ख्रिस्ती सम्राट त्यांचा फडशा पाडणार, असं त्यात होतं. सत्ता काही बुडाली नाही, पण ग्रंथ ग्रीक आणि लॅटिनमध्ये जाऊन कित्येक शतकं वाचला गेला. १२१३ मध्ये पोप तिसऱ्या इनोसंटने नव्या क्रुसेडची हाक देताना हिशेब मांडला की इस्लाम हेच प्रकटीकरणातलं ६६६ आकड्याचं श्वापद, त्याची मुदत ६६६ वर्षं आणि त्यातली जवळजवळ ६०० भरत आली. पुढे १५२९ मध्ये तुर्क व्हिएन्नाच्या वेशीवर येऊन ठेपले तेव्हा मार्टिन ल्यूथरची पंचाईत झाली, कारण हे पद त्याने आधीच पोपला देऊन टाकलं होतं. मग वाटणी झाली: पोप हा ख्रिस्तविरोधकाचा आत्मा, तुर्क हे त्याचं शरीर. एका जागेवर दोन माणसं कशी सामावून घ्यावीत, याचा यापेक्षा चांगला वस्तुपाठ मिळणार नाही.

तारखेचं गणित शिकायचं असेल तर जोसाया लिच या अमेरिकन प्रचारकाकडून शिका. प्रकटीकरणाच्या नवव्या अध्यायात अगाधकूपातून टोळ निघतात, पुढे फरात नदीजवळ बांधून ठेवलेले चार दूत मोकळे होतात. टोळ म्हणजे अरब आणि दूत म्हणजे तुर्क, हे प्रॉटेस्टंट पंडितांनी कधीच ठरवून टाकलं होतं. लिचने एक दिवस बरोबर एक वर्ष असा भाव लावला आणि तुर्कांच्या उस्मानी साम्राज्याच्या पतनाची तारीख काढली: ११ ऑगस्ट १८४०. त्या सुमारास सुलतानाने युरोपीय सत्तांची मदत घेतली, तेवढ्यावर भविष्य खरं ठरल्याचा डंका पिटला गेला. सुलतानाचं पद रद्द झालं ते १९२२ मध्ये. पण तोवर विचारतो कोण?

विसाव्या शतकात मात्र इस्लामला जरा बाजूला बसवण्यात आलं. शीतयुद्ध चालू होतं. यहेज्केलातल्या शत्रूंच्या यादीतला मेशेख म्हणजे मॉस्को, गोमर म्हणजे जर्मनी, असा उच्चारावरून बादरायण संबंध जोडला की उत्तरेकडून इस्राएलवर चालून येणारा गोग आपोआप कम्युनिस्ट व्हायचा. गोर्बाचेव्हच्या कपाळावरचा डाग म्हणजे श्वापदाची खूण, हेही काहींनी ओळखलं. श्वापदाची दहा शिंगं म्हणजे युरोपीय सामाईक बाजार, आजचा युरोपीय संघ. १९८१ मध्ये ग्रीस आत आला, सभासद मोजून दहा झाले, तज्ज्ञांच्या डोळ्यांत पाणी आलं. १९८६ मध्ये स्पेन आणि पोर्तुगाल घुसले आणि शिंगं बारा झाली. (आज ती सत्तावीस आहेत. एवढी शिंगं घेऊन कुठलंही श्वापद मान वर करू शकणार नाही.)

मग सोव्हिएत संघ कोसळला. कच्च्या दिलाचा माणूस इथे धंदा सोडतो. तुम्ही सोडू नका. आधी सद्दाम हुसेन आला, तोही खुद्द बाबेल नव्याने बांधायला निघालेला. सप्टेंबर २००१ नंतर तर काही शोधायचीच गरज उरली नाही. नकाशा तोच ठेवून नावं तेवढी दक्षिणेला सरकवायची. मेशेख आणि गोमर दोघेही बाडबिस्तरा घेऊन तुर्कस्तानात राहायला आले. पारस म्हणजे इराण, पूट म्हणजे लिबिया, कूश म्हणजे सुदान. मुसलमान देशांची अशी यादी हातात आली की श्रोत्यांना सांगा, आम्ही हे पहिल्यापासून म्हणत होतो.

कोणी विचारेल, त्याच अध्यायात घोडे, ढाली, धनुष्यबाण आहेत त्यांचं काय? घोडे म्हणजे रणगाडे आणि बाण म्हणजे क्षेपणास्त्रं. तोच खवचट माणूस पुढे म्हणेल की युद्धानंतर इस्राएल ती शस्त्रं सात वर्षं सरपण म्हणून जाळणार असं लिहिलंय, रणगाडा चुलीत कसा घालायचा? त्याच्या विश्वासाबद्दल काळजी व्यक्त करा आणि पुढच्या स्लाइडवर जा.

अलीकडचं सर्वांत चलनी तंत्र म्हणजे इस्लामचीच अंतकाळाची कथा उलटी करून घेणं. मुसलमान अंतकाळी येणाऱ्या ज्या महदी नावाच्या तारणहाराची वाट पाहतात तोच आपला ख्रिस्तविरोधक, आणि त्याच्या सोबतीला येणारा ईसा, म्हणजे त्यांचा येशू, हा आपल्या ख्रिस्तविरोधकाचा साथीदार, खोटा संदेष्टा. इस्लामी परंपरेत हा ईसा दमास्कसच्या पांढऱ्या मिनाराजवळ उतरतो आणि दज्जाल नावाच्या महाठकाला मारतो. म्हणजे दोन्हीकडचे लोक येशूच्या परत येण्याची वाट पाहताहेत, दोघांच्याही कथेत एक महाठक आहे आणि दोघांच्याही कथेत तो मरतो. हे श्रोत्यांना चुकूनही सांगू नका. सुन्नी आणि शिया यांच्या महदीविषयीच्या समजुती वेगळ्या आहेत, कोट्यवधी मुसलमान या कथांचा रोज विचारही करत नाहीत, ही बारीक माहितीही टाळा. त्याऐवजी इस्लामिक स्टेटचा दाखला द्या. उत्तर सीरियातल्या दाबिक गावी रोमी सैन्याशी अंतिम लढाई होणार म्हणून त्यांनी ते २०१४ मध्ये घेतलं, मासिकालाही तेच नाव दिलं. २०१६ च्या ऑक्टोबरात गाव गेलं, आणि घेणारे कोण, तर तुर्कस्तानच्या पाठिंब्याने लढणारे सीरियन बंडखोर. मासिकाचं नाव त्याआधीच बदललेलं होतं. तुमच्या आणि त्यांच्या कामाच्या पद्धतीत किती साम्य आहे ते पाहून संकोचू नका.

सगळ्यांत नाजूक विषय शांततेचा. दानीएलाच्या नवव्या अध्यायातला सात वर्षांचा करार ख्रिस्तविरोधकच करणार, असं तुमच्या पंथाने ठरवलेलं आहे. म्हणजे मध्यपूर्वेत कोणी युद्ध सुरू केलं तर भविष्य पुरं होतंय, आणि कोणी थांबवायला आला तर तोच तो! व्याख्यानानंतर एखाद्या बाई हळूच म्हणतील, "पास्टर, आमचे शेजारी मुसलमान आहेत, पण माणसं फार चांगली. मी आजारी होते तेव्हा महिनाभर मुलांना शाळेत त्यांनीच सोडलं." त्यांच्या खांद्यावर हात ठेवा आणि सांगा, "फसवणूक गोडच असते, ताई." शेजाऱ्याने वाईट वागून तुमचं म्हणणं खरं करावं, नाहीतर चांगलं वागून. तिसरी वाट त्याला ठेवूच नका.

यरुशलेमेकडेही लक्ष असू द्या. ज्यूंचं तिसरं मंदिर उभं राहिल्याशिवाय ख्रिस्त परतायचा नाही असं तुम्ही मानता, आणि ते जिथे व्हायचं तिथे अल-अक्सा मशिदीचं आवार आहे, ही तुमची अडचण. २१ ऑगस्ट १९६९ रोजी डेनिस मायकल रोहन या ऑस्ट्रेलियन ख्रिस्ती तरुणाने मसीहाचं येणं लवकर व्हावं म्हणून मशिदीला आग लावली आणि सलाहुद्दीनच्या काळचं व्यासपीठ जळालं. त्याला वेडा ठरवण्यात आलं. मसीहा आला नाही, पण पुढच्याच महिन्यात मुस्लिम देशांचे नेते रबातला जमले आणि इस्लामी देशांच्या संघटनेचा पाया घातला गेला. आज तिचे ५७ सभासद आहेत. तज्ज्ञ ज्या एकवटलेल्या इस्लामी जगाचा धाक घालतात, त्याला एकत्र बसवायला काडेपेटी आपल्याकडच्याने पुरवली, हे व्याख्यानात कसं मांडायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. १४ मे २०१८ ला अमेरिकेचा दूतावास यरुशलेमेत उघडला, तेव्हा रॉबर्ट जेफ्रेस आणि जॉन हेगी या दोन पाद्र्यांनी प्रार्थना केल्या. त्याच दिवशी गाझाच्या कुंपणापाशी साठच्या आसपास पॅलेस्टिनी गोळीबारात मेले. प्रार्थनेचा फोटो स्लाइडवर घ्या. दुसरा फोटो नको.

आता एक धोका. कधीतरी श्रोत्यांत मागच्या रांगेत बेथलेहेमचा एखादा अरब ख्रिस्ती माणूस बसलेला असेल. त्याच्या घराण्याचा बाप्तिस्मा तुमच्या पंथाच्या कित्येक शतकं आधीचा. तो देवाला अल्लाह म्हणतो, कारण त्याचं बायबल अरबीत आहे. तो उठून विचारेल की या नकाशावर तुम्ही मुसलमानांचे म्हणून लाल रंगवलेल्या देशांत मी कुठे आहे, आणि २००३ नंतर इराकमधले माझ्यासारखे बहुतेक लोक देशोधडीला लागले ते कुठल्या अध्यायात येतं. वाद घालू नका. घड्याळाकडे पाहा, प्रश्नोत्तरांची वेळ संपल्याचं जाहीर करा, आणि बाहेरच्या टेबलावर पुढच्या वर्षीच्या परिषदेची नोंदणी सुरू आहे हे सांगायला विसरू नका. आगाऊ पैसे भरणाऱ्यांना सवलत.