पातळी स्थिर ठेवली म्हणजे दाब स्थिर राहतो का?

सर, कमेंट नीट वाचली. तुमचं म्हणणं असं की काचेच्या नळीत तलावाचा गाळ भरायचा, टायमरवर पंप लावून वरचं पाणी सारखं वरखाली करायचं आणि मग मिथेनचे बुडबुडे मोजायचे, म्हणजे बुडबुडे आपणच काढायचे आणि आपणच मोजायचे, त्यापेक्षा पातळी स्थिर ठेवा. अहो पण खरी गोम तिथेच आहे. आपल्याकडे हवेचा दाब रोज सकाळी दहाच्या सुमारास चढलेला असतो आणि दुपारी चारच्या आसपास उतरतो, फरक साधारण ३ मिलिबार, म्हणजे वरचं ३ सेंटिमीटर पाणी काढून घेतल्यासारखंच झालं की. गाळाला काय कळतंय दाब पाण्यामुळे उतरला का हवेमुळे! मग तो नकळत झालेला बदल चालतो आणि सेन्सर लावून, वेळ लिहून केलेला १० सेंटिमीटरचा चालत नाही, हे काय पटत नाही बुवा. आणि धरणात तरी पातळी कुठे स्थिर असते, उन्हाळ्यात उजनी मायनसमध्ये गेल्याच्या बातम्या आपण वाचतोच.

दुसरं, जुनाच गॅस फुगून वर येतो म्हणालात. फुगतो ना, पण किती? १० सेंटिमीटर म्हणजे १० मिलिबार, हवेच्या दाबाच्या १ टक्का. गाळात १०० मिली गॅस अडकलेला असेल तर वाढणार जेमतेम १ मिली. बाकीचा येतो तो दाब उतरल्यावर मऊ गाळात भेगा उघडतात म्हणून. पहिल्या उतारात तर भसाभसा येतो, तो साठलेला माल, ती सायकल (म्हणजे पाणी एकदा खाली, एकदा वर) मी सरासरीत धरतच नाही. पुढे दर सायकलचा गॅस एका आकड्याभोवती फिरायला लागला की तो गॅस तयार व्हायचा वेग, पाण्यात विरघळलेला सोडून. मिथेन फार विरघळत नाही, कार्बन डायऑक्साइड मात्र भरपूर, त्यामुळे नुसत्या मिलीवर त्याचा हिशोब करू नये.

पंपाच्या वेगाबद्दल तुमच्याशी सहमत. पाणी जोरात आलं की गाळ ढवळतो, मग बुडबुडा दाबाने सुटला का धक्क्याने ते सांगता येत नाही. म्हणून पाणी वरून, कडेने, हळू सोडायचं आणि शेजारी नुसती धुतलेली वाळू भरलेली नळी त्याच सायकलवर ठेवायची, तिच्या फनेलमध्ये (बुडबुडे पकडायला वर उलटं लावलेलं नरसाळं) काही जमता कामा नये. फनेलसुद्धा चांगल्या उताराची घ्या, पसरट असली की बुडबुडे आतून काचेला चिकटून बसतात, टिचकी मारली की सगळे एकदम वर, आणि ग्राफवर उगाच एक खोटी उडी दिसते.

तुम्ही स्थिर पातळीवर करून बघणार असाल तर जरूर बघा, फक्त शेजारी बॅरोमीटर ठेवा आणि दोन्ही ग्राफ एकाखाली एक लावून टाका इथे.