‘दहा मिनिटांत थर्मोस्टॅट’ आणि भिंतीतील लाल तार

नवतपा, म्हणजे मे अखेरचे सर्वांत तापलेले नऊ दिवस, जवळ आला की नागपुरात मोबाइलवर एक मजकूर फिरू लागतो. ‘अमेरिकेतून मागवलेला स्मार्ट थर्मोस्टॅट घरच्या एसीला स्वतःच जोडा, वायरमनची गरज नाही; खोलीचा स्विच बंद करा, लाल तार “आर”ला जोडा, “सी”साठी तार नसेल तर अर्थिंगची घ्या, दहा मिनिटांत काम होईल आणि बिल निम्मे येईल,’ असा त्याचा आशय असतो. थर्मोस्टॅट म्हणजे खोलीचे तापमान पाहून यंत्र चालू-बंद करणारे उपकरण. सोबत एका परदेशी घरातील चित्रफीत जोडलेली असते. चित्रफीत खोटी नाही. ती आपल्या घराची नाही, एवढाच तिचा दोष आहे.

लाल तारेपासून सुरुवात करू. अमेरिकेतील बहुतेक घरांत संपूर्ण घर गरम किंवा थंड करणारी एकच मध्यवर्ती यंत्रणा असते आणि भिंतीवरचा थर्मोस्टॅट तिला फक्त ‘चालू हो, बंद हो’ एवढाच निरोप देतो. त्या निरोपाच्या तारांत साधारणपणे २४ व्होल्टची वीज असते. ‘आर’ ही ती वीज आणणारी तार आणि ‘सी’ ही तिची परतीची तार. तिथेही ज्या घरांत १२० किंवा २४० व्होल्टवर थेट चालणारे हीटर आहेत, तिथे हा थर्मोस्टॅट चालत नाही. आपल्या स्प्लिट एसीसाठी भिंतीतून अशी निरोपाची तार आलेलीच नसते, कारण तापमान मोजणारा सेन्सर आतल्या युनिटमध्येच असतो आणि हुकूम रिमोटवरून जातो. मग बोर्ड उघडल्यावर जी लाल तार हाती लागते ती कोणती? आपल्याकडच्या जुन्या वायरिंगमध्ये लाल म्हणजे फेज, वीज आणणारी जिवंत तार, २३० व्होल्टची. २४ व्होल्टसाठी बनवलेले उपकरण त्यावर जोडले तर ते जळेल, आणि जळण्याच्या क्षणी ते कोणाच्या हातात असेल हे सांगायला नको.

दुसरा सल्ला स्विचचा. साधा स्विच एकच तार तोडतो, आणि वायरिंग करताना चुकून तो न्यूट्रलवर, म्हणजे परतीच्या तारेवर, बसला असेल तर स्विच बंद असूनही बोर्डात फेज जिवंत राहतो. म्हणून एमसीबीच, म्हणजे मेन बोर्डातला वीज तोडणारा खटका, खाली पाडावा लागतो. नागपुरातील घरांत त्यावरही थांबता येत नाही, कारण अनेक ठिकाणी एकाच बोर्डात पंखा-दिव्याची तार बॅटरीवर चालणाऱ्या इन्व्हर्टरवरून आणि एसीची तार मेनवरून आलेली असते. आमच्याच शयनगृहातील बोर्ड मी मेन पाडून उघडला होता. सहज म्हणून टेस्टर टेकवला, तर त्यातला नारिंगी दिवा शांतपणे पेटला. जिन्याखालचा इन्व्हर्टर आपले काम इमानाने करत होता! तेव्हापासून मी आधी टेस्टर चालू सॉकेटवर तपासतो, मग एमसीबी व इन्व्हर्टर दोन्ही बंद करून बोर्डातील प्रत्येक तारेवर टेकवतो, आणि शेवटी तो अजून नीट चालतो ना हे पुन्हा एखाद्या जिवंत सॉकेटवर पाहतो.

अर्थिंग ‘सी’ म्हणून वापरण्याचा सल्ला तर सर्वांत घातक आहे. अर्थिंगची तार नेहमीचा प्रवाह वाहण्यासाठी नसतेच. बिघाडाच्या वेळी वीज जमिनीत उतरवण्यासाठी ती राखून ठेवलेली असते. मे महिन्यात अर्थिंगच्या खड्ड्यातील माती कोरडी पडते, तिचा विरोध वाढतो, आणि मध्येच एखादा जोड सैल असेल तर त्या तारेवर सोडलेला प्रवाह तिला जोडलेल्या फ्रिजच्या, वॉशिंग मशीनच्या आणि कूलरच्या सांगाड्यांवर येऊ शकतो. लोखंडी कूलर, ठिबकणारी वाळ्याची ताटी आणि टाकीत पाणी ओतायला आलेला अनवाणी माणूस हे दृश्य इथे घरोघरी दिसते. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीजगळती होताच प्रवाह तोडणारा खटका, असेल तर अशा जोडणीने तो पडण्याची शक्यता असते. पण पडला की ‘हाच खराब आहे’ म्हणून त्याला बायपास करणारेही आहेत.

‘मग स्मार्ट प्लग लावा’, म्हणजे मोबाइलवरून चालू-बंद होणारा सॉकेट वापरा, हा याच मजकुराचा सुधारित अवतार. तापमान सांभाळण्यासाठी एसीची वीजच वारंवार तोडणे कॉम्प्रेसरला मानवत नाही. थांबल्यावर वायूचा दाब समतोल होण्यास त्याला काही मिनिटे लागतात, आणि इन्व्हर्टर एसी (याचा बॅटरीच्या इन्व्हर्टरशी संबंध नाही) तर आपला वेग स्वतःच कमी करत असतो.

बिल निम्मे होण्याचा दावा तपासू. केंद्र सरकारच्या ऊर्जा दक्षता ब्युरोच्या मते एसीचे तापमान एका अंशाने वाढवले की सुमारे ६ टक्के वीज वाचते, आणि २०२० पासून नवे एसी मुळातच २४ अंशांवर सुरू होतील असे ठरवले गेले. म्हणजे २० वरून २४ वर येणाऱ्याची बचत साधारण २४ टक्के, तीही एसीच्या वापरापुरती. तेवढ्यासाठी हातातला रिमोट पुरतो.

तरीही घराबाहेरून एसी चालवायचा असेल, तर रिमोटचेच संकेत पाठवणारा छोटा नियंत्रक घ्यावा. तो मोबाइलच्या चार्जरवर चालतो आणि त्यासाठी एकही तार उघडावी लागत नाही. फक्त तो पश्चिमेच्या तापलेल्या भिंतीवर किंवा टीव्हीवर ठेवू नये, नाहीतर त्याचा सेन्सर खोलीऐवजी भिंतीचे तापमान सांगेल. सेन्सर किती फसवतो हे नागपूरला वेगळे सांगायला नको: मे २०२४ च्या अखेरीस इथल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले होते, आणि सेन्सर बिघडल्याचा खुलासा हवामान खात्याला करावा लागला होता.